‘हम लोग’ मालिकेवरील प्रेक्षकांचीं पत्रें

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून अस्सल पत्राचा मान बखरीहून वरचा, हा दंडक आपल्यांत रूढ झाला आहे. त्यास अनुसरून सरदारांचीं दप्तरें, मठांतील बाडें व कुळकर्ण्यांचे रुमाल धुंडाळण्यांत कित्येकांचीं आयुष्यें खर्ची पडलीं. परंतु आमच्याच हयातींत जो एक प्रचंड पत्रसंभार निर्माण झाला, त्याकडे आमच्या संग्राहक मित्रांपैकीं कोणाचेंही लक्ष गेल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. दूरदर्शनवरील कथामालिका पाहून सामान्य प्रेक्षकांनीं लिहिलेल्या पत्रांविषयीं आम्ही बोलत आहों.

‘हम लोग’ ही हिंदी मालिका ७ जुलै १९८४ रोजीं सुरू झाली. (पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा जन्मही १९१० सालच्या ७ जुलैचाच. योगायोगापलीकडे यांत कांहीं नाहीं. पण तिथि-तारखांचा नाद लागलेल्या माणसास असें कांहीं दिसलें कीं राहवत नाहीं.) लेखक मनोहर श्याम जोशी, दिग्दर्शक पी. कुमार वासुदेव. मेक्सिकोंत मिगेल साबिदो यांनीं लोकशिक्षणाचे विषय कथेंतून बिंबविण्याचा जो प्रयोग केला होता, त्यावरून ही कल्पना आली. १७ डिसेंबर १९८५ पर्यंत १५६ भाग झाले. प्रत्येक भागाच्या शेवटीं नट अशोककुमार पडद्यावर येऊन, पुराणिकानें अध्याय संपवितांना करावा तसा, उपसंहार करीत. या सतरा महिन्यांत दूरदर्शनकडे चार लाखांहून अधिक पत्रें आलीं. पोस्टकार्ड तेव्हां १५ पैशांस मिळे.

हीं पत्रें निष्फळ गेलीं असेंही नाहीं. आरंभींच्या १३ भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार होता. प्रेक्षकांस तो रुचला नाहीं, व तें कळतांच उपदेश आंवरून कथेस मोकळें सोडण्यांत आलें. सरकारी खात्यानें चालविलेल्या कार्यांत प्रजेच्या अभिप्रायानें असा फेर पडल्याचीं उदाहरणें आमच्या वाचनांत थोडीं आहेत.

भरताच्या नाट्यशास्त्रांतील सत्ताविसावा अध्याय सिद्धीचा आहे. प्रयोग साधला कीं नाहीं हें कशावरून ओळखावें, तर प्रेक्षकांवरून. मानुषी सिद्धीचीं चिन्हें तेथें दोन प्रकारचीं सांगितलीं आहेत. स्मित, अर्धहास, अतिहास, आणि ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ इत्यादि उद्गार हीं वाङ्मयी. अंगावर कांटा येणें, आसनावरून उठणें, वस्त्र देणें हीं शारीरी. ह्या सर्वांस नट व प्रेक्षक एका छताखालीं असावे लागतात. दूरदर्शननें तें छतच काढून घेतलें. उरला तो टपालाचा मार्ग, आणि भरतानें सांगितलेलें ‘कष्टम्’ पोस्टकार्डावर उतरलें.

हास्याचें मात्र तसें झालें नाहीं. चि. वि. जोशी, जे बडोद्यास पालीचे पंडित म्हणून नांवाजलेले होते, त्यांच्या चिमणरावाच्या कथांवर मुंबई दूरदर्शननें मालिका केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव व बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ती लोकांच्या मनांत इतकी ठसली कीं कर्वे यांस लोक पुढें जन्मभर गुंड्याभाऊ म्हणूनच ओळखीत राहिले. परंतु घरोघर झालेला तो अतिहास कागदावर फारसा आला नसावा. हसून झाल्यावर कोणी पोस्टकार्ड आणावयास जात नाहीं. त्यांत चुंबकीय फिती पुसून पुन्हां वापरण्याची त्या काळीं वहिवाट होती, त्यामुळें कित्येक प्रयोगांचाही मागमूस राहिला नाहीं.

पत्रांची संख्या म्हणजे मताचें वजन नव्हे, हेंही येथेंच सांगून टाकतों. ‘सुरभि’ या कार्यक्रमास पुढें १९९०-२००० च्या दशकांत पत्रांचे ढीग आले. पण तीं प्रश्नांचीं उत्तरें होतीं, बक्षिसाच्या आशेनें धाडलेलीं. अभिप्राय म्हणून त्यांचा उपयोग नाहीं.

आतां मुख्य प्रश्न. ‘हम लोग’मधील माता भागवंती ही कर्त्यांच्या मतें अनुकरणीय नव्हे अशी योजिली होती : नवरा बसेसर दारूबाज, सासू कजाग, आणि ही सर्व निमूटपणें सोसणारी. तिला पाहून स्त्रियांनीं सावध व्हावें असा हेतु. अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स यांनीं ५०० पत्रें अभ्यासिलीं, शिवाय हिंदी, मराठी व तमिळ प्रदेशांतील प्रेक्षकांस प्रश्न विचारले. तेव्हां पुष्कळांनीं, व त्यांत स्त्रियांनीं विशेष, भागवंतीलाच आदर्श ठरविल्याचें दिसलें. हेतूच्या उलट परिणाम झाला, असा निष्कर्ष निघाला. तो आम्हीही इतकीं वर्षें बिनतक्रार मानीत होतों.

१९८५ सालीं आम्हींही दूरदर्शनला एक पत्र लिहिलें होतें. रसनिष्पत्तीच्या दृष्टीनें मालिकेंत कोठें कमतरता आहे याची त्यांत शास्त्रोक्त चर्चा केली होती, असें आम्ही आजवर अनेकांस सांगत आलों. गेल्या वर्षीं जुन्या टांचणवहीच्या शेवटच्या पानावर त्या पत्राचा कच्चा खर्डा सांपडला. रसाचें त्यांत नांवही नाहीं. बडकीचें लग्न एकदांचें जमवावें, अशी विनंति मात्र आहे. पस्तीस-चाळीस वर्षांत आम्हीं स्वतःची बखर रचिली होती, आणि अस्सल कागदानें ती खोटी पाडली.

त्या खर्ड्यांत आणखी एक वाक्य आहे. आमच्या मातोश्रींस लिहितां येत नसे. शेजारच्या घरीं त्या मालिका पाहत, आणि आम्ही लिहावयास बसलों असतां त्यांनीं आपल्यातर्फें मजकूर सांगितला असावा, कारण वाक्याची भाषा त्यांची आहे : ‘भागवंतीबाईस कळवा कीं मीही असेंच सोसलें, तें बरें म्हणून नव्हे, जायला दुसरें घर नव्हतें म्हणून.’ यावर आडवी काट आहे. शाई आमची, हात आमचा. पक्क्या पत्रांत हें वाक्य गेलें नाहीं हें उघड आहे. आपण काट मारली हें आम्हांस आठवत नाहीं. त्या आतां हयात नाहींत.

एका खर्ड्यावरून विद्वानांचा निष्कर्ष उलटवूं पाहणें हें शास्त्र नव्हे. तरी एवढें म्हणावेंसें वाटतें कीं भागवंतीला जवळची मानणें व तिला आदर्श मानणें हीं एक नव्हेत, आणि छापील प्रश्नाच्या उत्तरांत हा भेद मावणें कठीण. शिवाय अशीं किती पत्रें मुलांच्या, नवऱ्यांच्या वा शेजाऱ्यांच्या हातून लिहिलीं गेलीं, व लेखनिकानें कोठें कोठें कातर लावली, याचा शोध पक्क्या पत्रांवरून लागणार नाहीं. तो खर्ड्यांवरूनच लागेल. जुन्या लेखांत मूळ सांगणारा व लेखनिक वेगळे ओळखण्याची संवय आपणांस आहे. ती येथें उपयोगी पडावी.

यास्तव वाचकांस विनंति कीं घरांतील त्या काळच्या वह्या, हिशेबाचीं चोपडीं, टांचणें रद्दींत घालण्यापूर्वीं शेवटचीं पानें पाहावीं. खोडलेला मजकूर भिंगाखालीं वाचून नक्कल करावी, लिहिणारा कोण व सांगणारें कोण हें माहीत असल्यास बाजूस नोंदवावें, व काट कोणत्या शाईची तें लिहावें. आमच्याकडील पान एकपृष्ठी, आंखलेलें, निळ्या शाईंत, एकूण १४ ओळींचें आहे. काट मारलेली ओळ अकरावी.