कागदावरचं पोलाद

चीनच्या पोलाद उत्पादनाचे जुने आकडे ओळीनं मांडले की १९५८चा आकडा डोळ्यांत खुपतो. १९५७मध्ये ५३.५ लाख टन, आणि पुढच्याच वर्षी १ कोटी १०.८ लाख. मी सॉफ्टवेअरवाला, डॅशबोर्ड बनवणं रोजचंच. एखादा खांब असा अचानक उंच झाला की मी आधी विचारतो : हा आकडा वर कुणी पाठवला, आणि त्याला कमी आकडा पाठवायची सोय होती का?

नव्हती. ऑगस्ट १९५८मध्ये माओंच्या पक्षानं ठरवलं, यंदाचं उत्पादन दुप्पट, म्हणजे १ कोटी ७ लाख टन. वर्ष संपायला उरले होते चार महिने! मग गावोगाव मातीच्या भट्ट्या पेटल्या. सुमारे ९ कोटी माणसं त्यांवर जुंपली गेली. जळणासाठी झाडं तोडली, घरातल्या कढया वितळवल्या. बाहेर आलं ते बरंचसं ठिसूळ, गंधकानं भरलेलं लोखंड. कारखान्याच्या कामाचं नव्हतं, पण वजन भरत होतं. आणि वर कळवायचं होतं ते वजनच.

शेतात तेव्हा पीक उभं होतं, ते कापायला माणसं पुरेनात. धान्याचा आकडाही असाच फुगवलेला, ३७.५ कोटी टन. गावांकडून वसुली झाली ती या फुगवट्याच्या हिशेबानं. १९५९ ते १९६१मध्ये उपासमारीनं किती माणसं गेली याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. याला नुसता दुष्काळ म्हणणं मला पटत नाही.

ऑगस्ट १९५९मध्ये लुशानच्या बैठकीनंतर सरकारनंच धान्य २५ कोटी टनांवर आणलं आणि आधुनिक कारखान्यांतलं पोलाद फक्त ८० लाख टन असल्याचं सांगितलं. त्याच बैठकीत चुका बोलून दाखवणारे संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांचं पद मात्र गेलं.

पुढे २००७मध्ये लिआओनिंग या पोलादाच्याच प्रांताचे पक्षप्रमुख ली कछियांग अमेरिकी राजदूताला म्हणाले, की जीडीपीचे आकडे भरवशाचे नाहीत. आपण वीज, रेल्वेची मालवाहतूक आणि बँकांची कर्जं बघतो. पुढे हे गृहस्थ पंतप्रधान झाले.

ही युक्ती उलट्या बाजूनंही चालते. चीनमध्ये इंडक्शन भट्टीत भंगार वितळवून सळई काढणारे खूप होते. जालन्यात हा धंदा उजळ माथ्यानं चालतो. तिथे तो बेकायदा, त्यामुळे हे पोलाद सरकारी आकड्यांत नसायचं. ३० जून २०१७पर्यंत अशी सुमारे १४ कोटी टनांची क्षमता बंद पाडली. तरी त्या वर्षी सरकारी उत्पादन ८१ कोटींवरून ८३ कोटी टनांवर गेलं! गिऱ्हाईक नोंदीतल्या कारखान्यांकडे वळलं होतं, त्यामुळे वाढ दिसली. बरीचशी कागदावरच.

हे सरकारी तक्त्यात दिसत नाही. दिसतं ते ग्रॅफाइट इलेक्ट्रोडच्या भावात. इंडक्शन भट्टीला इलेक्ट्रोड लागत नाही, विजेच्या आर्क भट्टीला लागतो. भंगार आर्क भट्ट्यांकडे वळलं आणि २०१७मध्ये इलेक्ट्रोडचे भाव कित्येक पटींनी चढले. नाशिकलाही कारखाना असलेल्या ग्रॅफाइट इंडियाचा शेअर त्या एका वर्षात कुठल्या कुठे गेला, तो आलेख एकदा उघडून बघा.