लोलक-चष्मे व संतुलनविकार

लोलक (त्रिकोणी छेदाचा पारदर्शक ठोकळा) प्रकाशकिरण आपल्या पायाकडे वळवितो. त्यामुळे त्यातून पाहणाऱ्यास वस्तू लोलकाच्या शिरोभागाकडे सरकलेली दिसते. १ मी. अंतरावर किरणाचे १ सेंमी. विचलन करणाऱ्या लोलकाची शक्ती १ लोलक-डायॉप्टर मानतात. हे एकक चार्ल्स प्रेंटिस यांनी १८९० मध्ये सुचविले.

डोळा व तोल यांचा संबंध अंतर्कर्णाद्वारे जोडला जातो. त्यातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे फिरणे टिपतात. डोके वळताच डोळे जवळजवळ तितक्याच वेगाने उलट दिशेस फिरतात व दृश्य स्थिर राहते. या प्रतिक्षेपी क्रियेत बिघाड झाल्यास भोवळ येते. प्रॉस्पेर मेन्येर यांनी १८६१ मध्ये भोवळीचे मूळ अंतर्कर्णात असू शकते, असे दाखवून दिले. रोबेर्ट बारानी यांनी कानात गरम वा थंड पाणी सोडून डोळ्यांची होणारी लयबद्ध हालचाल तपासण्याची पद्धत रूढ केली. त्यांना १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही क्रिया जन्मभर एकाच प्रमाणात चालते की बदलू शकते, या प्रश्नाचे उत्तर लोलकांनी दिले. जॉर्ज स्ट्रॅटन यांनी १८९६-९७ मध्ये कॅलिफोर्नियात जग उलटे दाखविणारी भिंगे स्वतःच्या डोळ्यावर बांधून काही दिवस वावर केला होता. १९७६ मध्ये मॉन्ट्रिऑल येथे गोन्शोर व मेल्व्हिल जोन्स यांनी डावे-उजवे उलटविणारे लोलक माणसांना अनेक दिवस सतत घालावयास दिले. प्रारंभी त्यांना मळमळ व अस्थिरता जाणवली. परंतु प्रतिक्षेप हळूहळू क्षीण होऊन सुमारे दोन आठवड्यांनी त्याची दिशाच पालटू लागली. लोलक काढल्यावर तो काही आठवड्यांत पूर्ववत झाला. त्याच वर्षी डेव्हिड रॉबिन्सन यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखविले की, निमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) संबंधित भाग काढल्यास हे अनुकूलन होत नाही.

इंजा झालेला कान पूर्ण बरा झाला नाही, तरी मेंदू नवे प्रमाण शिकू शकतो, हा या प्रयोगांचा अर्थ होय. कॉथॉर्न व कुक्सी यांनी ब्रिटनमध्ये १९४० नंतरच्या दशकात अनुभवावरून योजलेल्या डोके व डोळे हलविण्याच्या व्यायामांना त्यामुळे शरीरक्रियावैज्ञानिक आधार मिळाला.

उपचार म्हणून लोलकांचे क्षेत्र मर्यादित आहे. अंतर्कर्णातील गुरुत्व टिपणाऱ्या पिशव्यांच्या मार्गात बिघाड झाल्यास एक डोळा दुसऱ्याच्या वर राहून दुहेरी दिसू शकते. तेथे योग्य शक्तीचा लोलक प्रतिमा जुळवितो. सूक्ष्म नेत्रविचलनामुळे भोवळ येते असे मानून काही चिकित्सक अल्पशक्तीचे लोलक देतात. तथापि त्यास मोठ्या नियंत्रित चाचण्यांचा पुरेसा आधार नाही. लोलक प्रतिमेची जागा बदलतो, अंतर्कर्णाचा दोष दूर करीत नाही. म्हणून भोवळीच्या कारणाचे निदान प्रथम होणे आवश्यक असते.