कलेक्टरांच्या नावावरचा कारखाना

नांदेडच्या किंवा लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे कोणकोणती कामं असतात, असं कुणालाही विचारा. दुष्काळ, अतिवृष्टीचे पंचनामे, निवडणुका, जमिनीचे दावे, शस्त्रपरवाने, इथपर्यंत यादी सहज पोचते. जिनिंगमधल्या फिरत्या पट्ट्याला जाळी बसवली आहे की नाही, हे बघायचा अधिकार त्या यादीत सहसा येत नाही. पण १९४८च्या कारखाना अधिनियमातल्या आठव्या कलमानं एका छोट्या पोटकलमात तो देऊन टाकला होता: प्रत्येक जिल्हा दंडाधिकारी आपापल्या जिल्ह्याचा कारखाना निरीक्षकही असेल. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा लातूरला कलेक्टर मिळाला आणि त्याच खुर्चीत कायद्याच्या हिशेबानं एक कारखाना निरीक्षकही मिळाला.

ही तरतूद स्वतंत्र भारताची नाही. तिचं कूळ शोधत मागं गेलं की वाट मुंबईच्या गिरण्यांत जाते, खानदेशातल्या कापसाच्या जिनांत जाते, आणि त्याच्याही मागं इंग्लंडात.

१८०२ साली इंग्लंडच्या संसदेनं सूतगिरण्यांत राबणाऱ्या उमेदवार मुलांसाठी कायदा केला. त्यात बहुतेक अनाथ, गरीब घरची पोरं होती. पाहणीचं काम संसदेनं स्थानिक न्यायाधीशांवर सोपवलं. त्यांनी दोन पाहणीदार नेमायचे, त्यातला एक पाद्री असायचा. न्यायाधीश आणि गिरणीमालक एकाच पंक्तीला बसणारे. कायदा कागदावरच राहिला. १८३३ साली मग चार पगारी निरीक्षक नेमले गेले, आणि ते गावाला नव्हे, लंडनच्या सरकारला जबाबदार होते. कामगाराच्या सुरक्षेवर लक्ष स्थानिकांनी ठेवायचं की वरच्यांनी, हा वाद तेव्हापासूनचा आहे. आज ब्रिटनमध्ये दुकानं, कचेऱ्या, गोदामं यांची तपासणी स्थानिक कौन्सिल करतं आणि कारखाने, बांधकामं, शेती राष्ट्रीय यंत्रणेकडे असतात. १९७४च्या कायद्यानं ही वाटणी बसवली.

आपल्याकडे वाटणी निराळी पडली. मुंबईत १८७५ साली गिरण्यांची पहिली चौकशी झाली, तेव्हा त्या आयोगाचे अध्यक्ष होते आर्बथनॉट, मुंबईचे कलेक्टर. मुंबईचे सुधारक सोराबजी शापूरजी बेंगाली यांनी पुढं कायद्यासाठी आग्रह धरला, आणि १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. कायदा केला कलकत्त्यात बसलेल्या हिंदुस्थान सरकारनं. निरीक्षक नेमायचे प्रांतिक सरकारनं. आणि जिथं निरीक्षक नेमला नसेल तिथं हुद्द्याच्या जोरावर जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट हाच निरीक्षक. दिल्ली, मुंबई आणि जिल्हा अशी पुढची उतरंड तिथंच मांडली गेली. केंद्राचा कायदा, राज्याची अंमलबजावणी आणि जिल्ह्यात कलेक्टरांचं नाव. नगरपालिकेला या उतरंडीत जागाच नव्हती.

त्या कायद्याची सुरुवातच तोकडी होती. यंत्रशक्तीवर चालणारी आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेली जागा म्हणजे कारखाना. शिवाय वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारी जागा कारखाना नाही. ही दुसरी अट वाचताना कापसाच्या मुलखातल्या माणसाला थांबावंच लागतं, कारण जिन चालतो तो हंगामापुरता. १८८२ साली मीड-किंग नावाचा अनुभवी निरीक्षक इंग्लंडहून काही महिन्यांसाठी मुंबईला आणला गेला. त्याचं लक्ष शहरातल्या गिरण्यांबरोबर खानदेशातल्या जिनांकडंही गेलं. १८८४-८५च्या आयोगासमोर खानदेशातल्या जिनांची जी हकीकत आली, ती आजही अंगावर येते. रोजचं काम पहाटे पाच ते रात्री दहा. मार्च-एप्रिलच्या घाईत तर रात्रंदिवस जिन चालू, संध्याकाळी अर्ध्या तासाची सुटी, आणि तीच माणसं सलग आठ-आठ दिवस कामावर. त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. आणि कायद्याच्या लेखी ही जागा कारखानाच नव्हती.

मुंबईच्या कामगारांना निदान बोलणारं कुणी होतं. सप्टेंबर १८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. रविवारची सुटी ही त्यातली मागणी सगळ्यांना माहीत असते. ती जून १८९०मध्ये मान्य झाली. पण त्याच निवेदनात, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी, अशीही मागणी होती. अपघात हा नशिबाचा भाग नाही, कामाचा भाग आहे, हे लोखंड्यांनी सरकारी कायद्याच्या कितीतरी आधी मांडलं. हंगामी जिनांना कायद्यात यायला मात्र १९११ साल उजाडावं लागलं.

मराठवाड्यासाठी तेही नव्हतं. नांदेड आणि लातूर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कारखाना कायदे इथं आपोआप लागू होत नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड-हैदराबाद लोहमार्ग नांदेडवरून गेला, बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९११ साली लातूरला पोचली, आणि कापूस, तेलबिया, डाळी गाडीवर चढायला लागल्या. माल जातो तिथं जिन येतो, कापसाच्या गाठी बांधणारा प्रेस येतो, पाठोपाठ तेलाच्या गिरण्या येतात. नांदेडला निजामाच्या नावानं उस्मानशाही मिल उभी राहिली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आलं. त्यानंतर सहाच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, स्वतंत्र भारताच्या कारखाना अधिनियमाला मंजुरी मिळाली. राज्य पुनर्रचनेनं १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि १९६३ साली महाराष्ट्र कारखाना नियम आले.

१९४८च्या अधिनियमात कापसासाठी एक कलम राखून ठेवलं होतं, सत्ताविसावं. प्रेसमध्ये जिथं कापूस मोकळा करणारं यंत्र चालू असेल तिथं बाई किंवा मूल कामाला ठेवायचं नाही. मात्र यंत्रात कापूस टाकायची बाजू आणि तो बाहेर पडायची बाजू यांच्यामध्ये छपरापर्यंत भिंत असेल, किंवा निरीक्षक लिहून देईल तितक्या उंचीची असेल, तर टाकण्याच्या बाजूला त्यांना काम देता येईल. भिंत किती उंच, हे दिल्लीला बसून ठरत नाही. कुणीतरी भोकर-धर्माबादच्या जिनात उभं राहून, उडणाऱ्या रुईत डोळे चोळत ते बघून लिहावं लागतं. कायदा इतका बारीक विचार करत होता, आणि म्हणूनच प्रत्यक्ष जाऊन बघणारा माणूस नसेल तर तो इतका निरुपयोगी होता.

तो माणूस म्हणजे राज्याच्या कामगार विभागातलं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक, लोकांच्या बोलीत फॅक्टरी इन्स्पेक्टर. बॉयलरचं खातं वेगळं, त्याचा कायदा वेगळा. साखर कारखान्याचा बॉयलर पेटवायच्या आधी बॉयलर इन्स्पेक्टरचा दाखला लागतो. विजेचा निरीक्षक वेगळा, सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. केंद्राची मोठी संस्था मुंबईत शीवला आहे, कारखाना सल्ला सेवा देणारी; बंदरं सोडली तर तिचं काम सल्ल्याचं, संशोधनाचं आणि प्रशिक्षणाचं. दिल्लीचा कुणी निरीक्षक लातूरच्या डाळ मिलमध्ये येऊन नोटीस देत नाही.

मग नगरपालिका, महापालिका कुठून आल्या? त्या वेगळ्याच दारानं आल्या. १८८८च्या मुंबई महापालिका कायद्यात आयुक्तांच्या परवानगीशिवाय शहरात नवा कारखाना काढायचा नाही, असं कलम होतं. त्यामागची मुख्य चिंता शेजाऱ्यांची होती: धूर, घाण, आवाज, आग. आतल्या माणसाचं बोट यंत्रात जाऊ नये ही चिंता त्या कलमाची नव्हती. १९४९च्या महापालिका कायद्यानं तीच रीत पुढं नेली, आणि १९९७ साली नांदेड-वाघाळा, २०११ साली लातूर महापालिका झाल्या तेव्हा ती त्यांच्याकडंही आली. दुकानांचं घराणं तिसरंच. १९३९च्या आणि मग १९४८च्या दुकान कायद्यानं दुकानांतल्या नोकरांचे तास, सुट्या ठरवल्या. या दुसऱ्या कायद्यात अंमलबजावणी स्थानिक संस्थांचं कर्तव्य म्हणून सांगितली. मुंबईत हे काम महापालिकेकडे राहिलं. नांदेड-लातूरचा दुकानदार ‘शॉप अ‍ॅक्ट’साठी कामगार खात्याकडे जातो.

आग मात्र ठळकपणे शहराची झाली. ७४व्या घटनादुरुस्तीनं बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या कामांत घातली. डिसेंबर २००८पासून लागू झालेल्या राज्याच्या अग्निप्रतिबंधक कायद्यानं इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला दर जानेवारी-जुलैत द्यायला लावला. हंगामात कापसाच्या गंजीला ठिणगी लागली की जिनावर पहिला पोचतो तो पालिकेचा बंब. तोवर वायरिंग कसं होतं, कापसात आलेला लोखंडाचा तुकडा यंत्रात कसा गेला, हे बघायचं काम दुसऱ्याच खात्याचं असतं.

एका लातुरी प्रसंगात ही सगळी वाटणी दिसते. जानेवारी २०१७च्या अखेरीस लातूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका तेल कारखान्यात सांडपाण्याची टाकी साफ करताना नऊ कामगार गुदमरून गेले. आधी उतरलेल्यांना बाहेर काढायला गेलेलेही त्यात होते. वसाहतीतल्या बांधकामाचा नकाशा एमआयडीसी मंजूर करते. टाकीतलं पाणी प्रदूषण मंडळाचं. टाकीत उतरणारा माणूस कारखाना निरीक्षकाचा. जीवघेणा अपघात झाला की निरीक्षकाबरोबर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही कळवायचं. कागदावर त्या एका टाकीवर इतक्या खात्यांची नजर होती.

अधिनियमाचं छत्तिसावं कलम अशाच टाकीबद्दल होतं. विषारी वायू असू शकेल अशा टाकीत माणूस पाठवायचा नाही, आधी वायू काढून टाकायचा, बाहेर पडायला पुरेसं मोठं तोंड हवं. त्यापुढं दोन वाटा. जाणकार माणसानं स्वतः तपासून टाकी सुरक्षित असल्याचं लेखी दिलेलं असावं. किंवा उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनाचं उपकरण आणि कमरेला पट्टा हवा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं मोकळं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. कायदा लिहिणाऱ्यानं दोराच्या टोकाशी माणूस उभा केला, कारण आत पडलेल्याला वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो, हे त्याला ठाऊक होतं. लातूरला नेमकं तेच घडलं.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, या अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचं नवं प्रकरण जोडलं गेलं. त्यात स्थानिक संस्थेचंही नाव आलं: कारखान्यातल्या धोक्याची माहिती कामगारांना, मुख्य निरीक्षकांना, आजूबाजूच्या लोकांना आणि ज्या पालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हद्दीत कारखाना आहे तिलाही द्यायची. १९९६च्या रासायनिक अपघात नियमांनी जिल्हा संकट गट बसवला. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य-सचिव कारखाना निरीक्षक, आणि सदस्यांत महापालिका आयुक्त, अग्निशमन अधिकारी, पोलीस, आरोग्य अधिकारी. १८८१ साली निरीक्षकाच्या जागी बसवलेला मॅजिस्ट्रेट शंभरेक वर्षांनी निरीक्षकाबरोबर एकाच टेबलाशी आला, आणि नगरपालिकेला त्या टेबलाशी खुर्ची मिळाली. वाटणीच्या या कुळकथेतली ही सर्वांत शहाणी पायरी. फक्त तो गट मोठ्या रासायनिक धोक्यासाठी आहे. साध्या पट्ट्यासाठी, रोलरसाठी, एलिव्हेटरच्या खड्ड्यासाठी असं टेबल कधी मांडलं गेलं नाही.

मराठवाड्याचं दुखणं इथं आहे. कारखाना कोणता, हे कायदा १८८१पासून डोकी मोजून ठरवत आला. १८९१ साली शंभराचे पन्नास झाले, १९२२ साली वीस, १९४८ साली यंत्रावर चालणाऱ्या जागेसाठी दहा. आकडा खाली येत गेला तसतसा जिन, तेल गिरणी, डाळ मिल कायद्याच्या आत आली. ८५व्या कलमानं राज्याला आणखी एक मुभा दिली होती: माणसं कितीही कमी असोत, जागेला कारखाना ठरवता येईल. धोका बघून कायदा लावायची ती वाट होती, आणि तिचा वापर सढळपणे व्हायला हवा होता. एका माणसाच्या पिठाच्या गिरणीतला पट्टाही हात ओढतोच.

२१ नोव्हेंबर २०२५पासून नवी व्यावसायिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिनं १९४८च्या अधिनियमाची जागा घेतली. निरीक्षक आता मार्गदर्शकही आहे, आणि कुठं तपासणीला जायचं ते संगणकानं निवडायची सोय आहे. कारखान्याची व्याख्या यंत्रावर वीस आणि यंत्राविना चाळीस माणसांची झाली. दहा किंवा जास्त माणसांची जागा आस्थापना म्हणून संहितेत राहते, मालकाची सर्वसाधारण कर्तव्यं तिला लागू होतात, आणि जिवावर बेतणारं काम असेल तर कमी माणसांच्या जागेलाही संहिता लावायचा अधिकार सरकारकडे आहे. लातूरची बारा हमालांची डाळ मिल आणि नांदेड जिल्ह्यातला पंधरा बायकांचा जिन आता कारखाना नाहीत, नुसत्या आस्थापना आहेत; दहापेक्षा कमी माणसांच्या जागांना त्या अधिकाराचा उपयोग होतो का, हे सरकार कोणत्या जागांची नावं अधिसूचनेत घालतं यावर ठरेल. पालिकेचा परवाना देणारा कारकून आणि बंबावरचा जवान अशा जागा आजही कदाचित निरीक्षकापेक्षा जास्त वेळा बघत असतील.