झाकण उघडणाऱ्यांचा इतिहास

कॉम्प्युटरचा इतिहास म्हटला की ठरावीक चार-पाच नावे पुढे येतात. कुणी मोठी कंपनी काढली, कुणी अब्जाधीश झाला, कुणी गॅरेजमधून सुरुवात केली. शाळेच्या पुस्तकांतही हेच असते. पण एक साधा प्रश्न त्यात राहून जातो. हे यंत्र घरात आल्यानंतर बंद पडले, तेव्हा ते पुन्हा चालू कुणी केले?

आपल्या वस्त्यांमध्ये याचे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या मजल्यावरचा एखादा भाईजान, कॉलेजात शिकणारा भाचा, झेरॉक्सच्या दुकानात बसणारा मुलगा. तो येतो, स्क्रू काढतो, फुंकर मारतो आणि चहा पिऊन जातो. ही आपली गरिबीतली तडजोड आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात घरगुती कॉम्प्युटर जन्मला तोच असा. वापरणाऱ्यांनी वापरणाऱ्यांना मदत केली म्हणून तो जगला. हा इतिहास नीट समजून घेतला पाहिजे, कारण आज ती मदतच धोक्यात आली आहे.

जानेवारी १९७५ मध्ये अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचे यंत्र झळकले. न्यू मेक्सिको राज्यातील अल्बुकर्की शहरातली एमआयटीएस ही छोटी कंपनी ते सुमारे ४०० डॉलरला, सुट्या भागांच्या रूपात विकत होती. जोडणी आणि सोल्डरिंग ग्राहकाने स्वतः करायचे. कीबोर्ड नाही, पडदा नाही. समोर खटक्यांची रांग आणि लाल दिवे. मेमरी २५६ बाइट, म्हणजे इंग्रजीतली चार ओळींची चिठ्ठी जेमतेम मावेल एवढी. तरीही मागणी इतकी आली की कंपनीला ती पुरवता येईना.

यंत्र घरी पोहोचले आणि खऱ्या अडचणी सुरू झाल्या. एखादा टाका कच्चा राहिला की सगळे ठप्प. विचारणार कुणाला? ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या घराच्या गॅरेजमध्ये तीसेक माणसे जमली. ही बैठक त्यांनी फ्रेड मूर यांच्यासोबत बोलावली होती. मूर हे शांततेच्या चळवळीतले कार्यकर्ते. ज्ञान वाटून घ्यायचे असते, यावर त्यांचा विश्वास होता. यातूनच ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ उभा राहिला.

गर्दी वाढली तशा बैठका स्टॅनफर्डजवळच्या एका मोठ्या सभागृहात होऊ लागल्या. तिथली पद्धत मला शिक्षक म्हणून फार शिकण्यासारखी वाटते. ली फेल्सेनस्टीन हे सूत्रसंचालन करीत. बैठकीच्या पहिल्या भागात प्रत्येकाने उठून सांगायचे की माझ्याकडे काय आहे आणि मला काय हवे आहे. कुणाकडे जास्तीच्या चिप्स असत, कुणाचे बोर्ड चालत नसे, कुणाला प्रोग्रॅम हवा असे. दुसऱ्या भागात सगळे मोकळे; ज्याला ज्याची गरज त्याने त्याला गाठायचे. प्रश्न विचारणारा तिथे कमी दर्जाचा मानला जात नव्हता, कारण पुढच्या बैठकीत उत्तर देणाराही तोच असू शकत होता.

यंत्रात वाढ करण्याचे काम, ज्याला आज आपण अपग्रेड म्हणतो, तेही इथेच सुरू झाले. एमआयटीएसचे चार किलोबाइट मेमरीचे बोर्ड बेभरवशाचे निघाले. तेव्हा क्लबचे सभासद बॉब मार्श यांनी स्वतः बोर्ड तयार केले आणि लोकांनी आपल्या अल्टेअरमध्ये ते बसवले. पहिल्या बैठकीला आलेल्यांमध्ये स्टीव्ह वॉझ्नियाक नावाचा तरुण इंजिनिअर होता. त्याने पुढे स्वतःच्या कॉम्प्युटरचा आराखडा क्लबमध्ये फुकट वाटला. तोच आराखडा ‘अ‍ॅपल १’ म्हणून ओळखला गेला.

या कथेला दुसरी बाजूही आहे. अल्टेअरसाठी बिल गेट्स आणि पॉल अ‍ॅलन यांनी लिहिलेल्या बेसिक भाषेची कागदी टेप क्लबमध्ये फिरू लागली, तिच्या नकला निघू लागल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून खुले पत्र लिहिले. मेहनत करणाऱ्याला मोबदलाच मिळाला नाही, तर चांगले प्रोग्रॅम कोण लिहील, असा त्यांचा सवाल होता. तो खोटा म्हणता येत नाही. आपल्याकडे नकली विंडोजच्या सीडी हातोहात फिरत, तेव्हा त्यालाही आपण ‘मदत’ म्हणत होतो. दुसऱ्याला बिघाड शोधून देणे वेगळे आणि दुसऱ्याची वस्तू परस्पर वाटणे वेगळे. ही रेषा सोपी नाही, पण ती आहे.

क्लबला एक मर्यादा होती. तिथे स्वतः हजर राहावे लागे. जानेवारी १९७८ मध्ये शिकागोत प्रचंड हिमवादळ आले आणि लोक घरांत अडकले. तिथल्या हौशी कॉम्प्युटर क्लबचे दोन सभासद, वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस, यांनी त्या दिवसांत एक प्रयोग केला. क्लबमध्ये भिंतीवर चिठ्ठ्या टाचण्याचा फलक असे. तसाच फलक कॉम्प्युटरवर बनवायचा आणि टेलिफोनने जोडून तो वाचायचा. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो सर्वांसाठी खुला झाला. एका वेळी एकालाच फोन लागे. एकाने प्रश्न टाकायचा, फोन ठेवायचा. दुसऱ्याने नंतर येऊन उत्तर लिहायचे. वरवर ही गोष्ट किरकोळ वाटते, पण तिने मोठा फरक पडला. तोंडी सांगितलेले उत्तर एकाच्या उपयोगाचे असते. लिहून ठेवलेले उत्तर त्यांनाही मिळते, ज्यांनी अजून प्रश्न विचारलेलाच नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर आणला. त्यात जादा कार्डे बसवण्यासाठी खाचा होत्या, आणि कंपनीने त्याच्या सर्किटची माहिती देणारे तांत्रिक पुस्तकही विक्रीला ठेवले. मग इतर कंपन्यांनी त्याच पद्धतीचे कॉम्प्युटर आणि त्यात बसणारे भाग बनवले. एका कंपनीचा मदरबोर्ड, दुसरीची हार्ड डिस्क, तिसरीचे साउंड कार्ड. यातून स्वस्ताई आली आणि भांडणेही आली. साउंड कार्ड आणि दुसरे एखादे कार्ड एकाच आयआरक्यू क्रमांकावर आले की एक चाले, दुसरे मुके. मग जंपर नावाची इवलीशी टोपी चिमट्याने उचलून दुसऱ्या पिनांवर बसवायची. कोणती टोपी कुठे, हे नेमके तोच सांगू शके, ज्याने आधी तीच कार्डे एकत्र बसवली होती.

वापरणाऱ्यांच्या या परस्पर मदतीची खरी ताकद दिसली १९९४ मध्ये. अमेरिकेतील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली मूळ संख्यांवर काम करत होते. नवा पेंटियम कॉम्प्युटर वापरल्यावर त्यांच्या उत्तरांत फरक येऊ लागला. त्यांनी आधी स्वतःच्या प्रोग्रॅमवर संशय घेतला, मग एकेक शक्यता वगळत गेले. ४८६ वर तेच गणित बरोबर येई, पेंटियमवर चुके. ३० ऑक्टोबरला त्यांनी काही जाणकारांना ई-मेलने कळवले: तुमच्याकडेही असेच होते का, तपासा. ते पत्र इंटरनेटवर पसरले आणि ठिकठिकाणच्या लोकांनी आपापली मशिने तपासली. त्यातून कुणालाही करता येईल असे एक उदाहरण पुढे आले: ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागा. उत्तर १.३३३८ ने सुरू व्हायला हवे. सदोष चिप १.३३३७ दाखवी. इंटेलने सुरुवातीला म्हटले की ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनाच चिप बदलून मिळेल. २० डिसेंबरला कंपनीला सर्वांसाठी बदलून देण्याचे जाहीर करावे लागले, आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. एका शिक्षकाने बिघाड शोधला आणि अनोळखी माणसांनी तो पडताळला, म्हणून हे झाले.

याच सुमारास सुट्या भागांचा कॉम्प्युटर आपल्याकडेही घरोघर येऊ लागला. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस. ब्रँडेड मशीन परवडत नसे, म्हणून ‘असेंबल’ केलेले घ्यायचे. पेटीलाच सगळे ‘सीपीयू’ म्हणत. हा कॉम्प्युटर अनेक कंपन्यांचा असल्यामुळे त्याच्या बिघाडाला कुणी एक जबाबदार नसे. अशा वेळी गल्लीतले ज्ञान कामी येई. सुरू करताना एक लांब आणि दोन आखूड बीप आल्या तर आधी डिस्प्ले कार्ड बघा. तारीख रोज मागे जाते, तर मदरबोर्डवरचा गोल सेल बदला. दोन हार्ड डिस्क एकाच केबलवर आहेत, तर एक मास्टर, एक स्लेव्ह करा. आणि सगळ्यांत प्रसिद्ध इलाज: रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी पट्ट्या शाळेतल्या खोडरबराने पुसा. हा शेवटचा नुस्खा अनेकदा खरोखर चालतो, कारण दोष रॅममध्ये नसून तिच्यावर चढलेल्या मळात असतो.

मराठी आणि उर्दू लिहिणाऱ्यांसाठी एक अडचण आणखी होती. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी आणि अरबी या दोन्ही लिप्यांना जागा मिळाली होती. पण २००१ मध्ये आलेल्या विंडोज एक्सपीवर मराठी नीट दिसेना. वेलांट्या भलतीकडे जात, जोडाक्षरे फुटत. इलाज होता कंट्रोल पॅनेलमधल्या एका चौकोनात. गुंतागुंतीच्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या लिप्यांसाठीच्या फाइली बसवायच्या, असे त्यावर लिहिले होते. तिथे खूण केली की विंडोजची सीडी मागितली जाई, आणि ती शेजारून आणावी लागे. गंमत पाहा, मराठीची जोडाक्षरे जोडणारी आणि उर्दूची अक्षरे उजवीकडून वळवणारी खूण एकच होती. ज्या दोन भाषांना राजकारणात समोरासमोर उभे केले जाते, त्या कॉम्प्युटरमध्ये एकाच चौकोनात बसल्या होत्या. उर्दूला तर नस्तालीक वळणाचा फॉन्ट विंडोजसोबत मिळायला २०१२ चे विंडोज ८ यावे लागले. तोवर लोकांनी एकमेकांना फॉन्ट पाठवून आणि ते कसे बसवायचे हे सांगूनच काम भागवले.

आता आजचे पाहा. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते. ती काढताही येत नाही, वाढवताही येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि जुन्या प्रोसेसरची कितीतरी चालती मशिने विंडोज ११ च्या अटींमध्ये बसत नाहीत. दुकानदार म्हणतो, फेका, नवा घ्या. ज्या घरात तीन मुलांत एकच सेकंडहँड कॉम्प्युटर आहे, त्या घराला हे वाक्य परवडत नाही. तिथे मशीन बंद पडले की अभ्यास, फॉर्म, स्कॉलरशिप सगळेच अडते. अशा मशिनमध्ये साध्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली, थोडी रॅम वाढवली आणि फुकट मिळणारे लिनक्स टाकले, तर ते आणखी काही वर्षे सहज अभ्यासाला येते. हे सांगणारा माणूस मात्र जवळ हवा.

आपल्याकडे जुन्या काळी काही हकीम आणि कारागीर आपला नुस्खा कुणाला सांगत नसत. त्यांच्यासोबत तो कबरीत जाई. कॉम्प्युटरच्या बाबतीतही तेच व्हायला लागले आहे. दुरुस्ती होते, पण बिघाड काय होता हे ना विचारले जाते, ना सांगितले जाते. इंग्रजीत उत्तरांचा डोंगर आहे. मराठीत आणि उर्दूत लिहिलेली उत्तरे शोधावी लागतात. आठवीतल्या मुलीला जी अडचण आली, तिचा इलाज तिच्या भाषेत तिला वाचायला मिळाला पाहिजे.

हे काम कुणा मोठ्या संस्थेने सुरू करण्याची वाट पाहायला नको. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत एक दोनशेपानी वही ठेवा. पानावर चार रकाने आखा: मशीन कोणते, काय झाले, काय काय करून पाहिले, कशाने सुटले. भाषा मराठी असो, उर्दू असो, मोडकीतोडकी असो. ज्याची अडचण सुटली त्याने त्याच दिवशी एक ओळ लिहायची आणि खाली तारीख टाकायची. आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलावर, तो कितीही साधा प्रश्न असो, वर्गात कुणी हसता कामा नये.