घसरायला शिकायचे कुठे?

ठाकुर्ली म्हटली की कोणाला रेल्वेचे जुने वीजघर आठवते, कोणाला लोकलची गर्दी. बर्फ आठवण्याचे काही कारण नाही. पण अलीकडे कल्याण-डोंबिवलीकडच्या घरांतून एक नवाच प्रश्न ऐकू येतो. मुले चौदा-पंधरा वर्षांची झाली, माथेरान-महाबळेश्वर पाहून झाले, आता एकदा त्यांना बर्फावर स्की शिकायला न्यावे म्हणतो. तर कुठे न्यावे? इतिहासाच्या अध्यापकाला हे का विचारावे, असे आपल्याला वाटेल. परंतु या खेळाचा इतिहास म्हणजे बराचसा योग्य उतार शोधण्याचाच इतिहास आहे.

स्की म्हणजे पायाला बांधायच्या दोन लांब, अरुंद फळ्या. पुढचे टोक वर वळवलेले. नॉर्वे-स्वीडनकडे हजारो वर्षे हे प्रवासाचे साधन होते, जशी कोकणात होडी. त्याचा खेळ झाला एकोणिसाव्या शतकात. पुढे ऑस्ट्रियात हान्नेस श्नायडर नावाचा एक शिक्षक झाला. शिक्षक-श्रोत्यांनी त्याचे नाव लक्षात ठेवावे. पहिल्या महायुद्धानंतर त्याने सांक्ट आंटोन गावी बर्फावरची शाळाच चालवली. शिकणाऱ्यांच्या तयारीप्रमाणे इयत्ता पाडल्या. पहिल्या इयत्तेला अगदी सौम्य उतार. तिथे फळ्यांची पुढची टोके जवळ आणि टाचा लांब ठेवून वेग आवरायला शिकवायचे. आधी थांबणे, मग वळणे, आणि वेग सर्वांत शेवटी! आजही नवशिक्याला बहुतेक ठिकाणी असेच शिकवतात. मौज अशी की, १९२२ मध्ये स्वित्झर्लंडात आधुनिक स्लालम शर्यतीचे नियम बसवणारा अर्नोल्ड लन हा १८८८ साली आपल्या मद्रासेत जन्मला होता.

आता हिंदुस्थानाकडे वळू. १९२७ मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी गुलमर्गला स्की क्लब काढला. ‘मर्ग’ म्हणजे कुरण. सुमारे २,६५० मीटर उंचीवरचे हे मोठे, पसरट कुरण. पडले तर दरीत जाण्याची भीती नाही, कडेला मात्र हवा तेवढा चढ. त्यांचे मेळावे भरत नाताळात आणि ईस्टरला, कारण त्यांच्या सुट्ट्या तेव्हा! हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. १९४८ च्या अखेरीस, काश्मीरचे युद्ध चालू असतानाच, आपल्या सैन्याने तिथेच जवानांसाठी स्कीचे विद्यालय सुरू केले. नागरिकांना शिकवणारी सरकारी संस्थाही पुढे गुलमर्गला निघाली.

पण त्याच गुलमर्गची दुसरी बाजू आहे. दोन टप्प्यांचा पाळणा माणसाला अफरवटच्या अंगाला सुमारे ३,९५० मीटरवर नेतो. तिथला उतार निष्णातांचा. जवळच खिलनमर्गला फेब्रुवारी २०१० मध्ये हिमप्रपाताखाली सतरा जवान गेले, आणि ते तर प्रशिक्षण घेणारे सैनिक! पंधरा वर्षांच्या मुलाला ‘वर जाऊन फोटो काढू’ याचा मोह होणारच. बापाने तिकीट पहिल्याच टप्प्याचे काढावे, हे माझे स्पष्ट मत.

काश्मीरविषयी आणखी एक गोष्ट टाळून बोलता येत नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला पर्यटकांवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात डोंबिवलीची तीन माणसे गेली. डोंबिवली म्हणजे ठाकुर्लीचे पुढचेच स्टेशन. तेव्हा एखाद्या आईने ‘तिकडे नको’ म्हटले, तर तिला भित्री म्हणण्याचा अधिकार कोणाला नाही.

मग दुसरे कोठे? मनालीजवळचे सोलांग. मनालीला १९६१ पासून सरकारी गिर्यारोहण संस्था आहे; आज तिला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव आहे. तिचे स्कीचे वर्ग सोलांगला भरतात. उतार आखूड आहे. पण पहिल्या आठवड्यात नवशिक्याला लांब उतार हवा कशाला? उत्तराखंडातले औली देखणे. तिथे २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. परंतु जोशीमठची जमीन खचू लागली आणि जानेवारी २०२३ मध्ये तिथला रज्जुमार्ग बंद करावा लागला. ऋषिकेशपासून पुढचा लांब घाटरस्ताही मुलांना जड जातो.

म्हणून पहिल्या खेपेला मी सोलांग निवडीन. कुटुंबाचे मन तयार असेल, तर गुलमर्गचे खालचे कुरण त्याहून सरस.

खरी अडचण जागेची नाहीच, पंचांगाची आहे. बर्फ भरवशाचा म्हणावा तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी. आपली मोठी सुट्टी मात्र मे महिन्यात. तेव्हा रोहतांगला भाड्याचे कोट घालून चित्र काढता येते, शिकता येत नाही. नाताळात सुट्टी असते, बर्फ असेलच असे नाही. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची कुरणे कितीतरी दिवस कोरडी पडली होती. २०२५ मध्ये तर तिथल्या राष्ट्रीय हिवाळी स्पर्धाच बर्फाअभावी मार्चपर्यंत ढकलाव्या लागल्या. त्यातून दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा मूल आठवीत किंवा नववीत असतानाच हे उरकावे, आणि शाळेनेही दहा दिवसांची रजा कुरकुर न करता द्यावी. जागा ठरवताना हॉटेलच्या आधी शिक्षकाची चौकशी करावी. एका शिक्षकामागे किती मुले आणि उतार कुठे संपतो, हे दोन प्रश्न पत्रातच विचारून घ्यावेत. बूट मात्र इथून विकत नेऊ नयेत; तिथेच पायाच्या मापाचे भाड्याने मिळतात.