उपकरण मोडले, तर दुरुस्त कोण करणार?

२०२५च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पुढील पाच वर्षांत ५० हजार अटल टिंकरिंग प्रयोगशाळांची घोषणा झाली. प्रयोगशाळा उभारायला निधी लागतो. ती चालती ठेवायला मात्र शाळेच्या आसपासचे जाणकार हात लागतात. एकोणिसाव्या शतकातील लाहोरने हे ओळखले होते.

लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातील प्राध्यापक जे. कॅम्पबेल ओमन आणि त्यांचे विद्यार्थी रुचिराम साहनी यांनी १८८५ मध्ये पंजाब सायन्स इन्स्टिट्यूटची स्थापना केली. साहनी प्रयोगांसह पंजाबीत व्याख्याने देत. साबण, विजेचा मुलामा, शहराचे पिण्याचे पाणी असे त्यांचे विषय असत. बाजारातले दुकानदारही पैसे मोजून ती ऐकायला येत.

शाळांची अडचण निराळी होती. उपकरणे विलायतेहून येत. ती महाग तर होतीच, शिवाय मोडली की दुरुस्त करणारा जवळपास नसे. अशा स्थितीत विज्ञान केवळ पाठांतराचा विषय होऊन बसते. म्हणून १८८८ मध्ये साहनी यांनी अल्लाबख्श या कुशल कारागिराला हाताशी धरून कार्यशाळा काढली. तेथे दुरुस्तीबरोबरच नवी उपकरणेही घडू लागली आणि शाळांना अल्प किमतीत मिळू लागली.

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरत असे. १८९३ मध्ये साहनी तेथे आपली उपकरणे घेऊन आले. ती इतकी सुबक होती की, भारतात घडली आहेत यावर पाहणाऱ्यांचा विश्वास बसेना.

या सहकार्याचे मर्म स्वस्ताईपुरते नव्हते. संवेदनशील तराजू घडवायचा, तर त्याच्या दांडीचा आधार धारदार का हवा, हे कारागिराला उमगावे लागते. आणि ती धार कोणत्या धातूवर टिकेल, हे शिक्षकाला कारागिराकडून शिकावे लागते. ज्ञान दोन्ही दिशांनी वाहते. देणगीत आलेल्या बंद पेटीतून ते वाहत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवू पाहते. ही वाट लाहोरच्या त्या कार्यशाळेकडेच जाते. नव्या प्रयोगशाळांची संख्या मोजली जाईलच. त्यासोबत आणखी एक अंतर मोजायला हवे: शाळेपासून उपकरण दुरुस्त करू शकणाऱ्या हातांपर्यंतचे.