मागच्या रांगेतले वादक

हिंदी चित्रपटगीतांतली व्हायोलिन्स आपण सर्वांनी ऐकली. ती वाजवणारे कोण, हे फारसे कुणी विचारले नाही. त्यांतले बरेच जण गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवत. ती वाचता येणारे वादक पुढे मुंबईच्या स्टुडिओंत आले.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांपैकीच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात शंभराहून अधिक वादकांचा ऑर्केस्ट्रा उभा केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पाश्चात्त्य वाद्यमेळातून भारतीय राग ऐकवायचा, ही त्यांची धडपड होती. तो प्रयोग फार काळ टिकला नाही. 'अमर अकबर अँथनी'त (१९७७) लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी त्यांचे नाव गाण्यात गुंफले. आपण ते गाणे शाळेच्या सहलीत ओरडून म्हटले, पण या नावाचा खरा माणूस आहे हे ठाऊक नव्हते.

२००६ मध्ये नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत खुश्रू संतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालियेव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची स्थापना केली. निवृत्तीनंतर मी डोंबिवलीहून लोकलने जाऊन ऑर्केस्ट्रा आणि कॉयर एकत्र ऐकले. आपल्या मैफलीत गायक मधोमध आणि साथीदार बाजूला. इथे मात्र स्त्रियांचे वरचे-खालचे, पुरुषांचे वरचे-खालचे असे चार आवाज एकाच वेळी चार निरनिराळ्या ओळी गात होते. एक ओळ गळली तर सारी इमारत लंगडी होईल. सिम्फनीत मानवी आवाज आणण्याचे धाडस बीथोव्हेनने नवव्या सिम्फनीत केले. १८२४ साली व्हिएन्नात ती प्रथम सादर झाली, तेव्हा तो जवळजवळ पूर्ण बहिरा होता. टाळ्या दिसाव्यात म्हणून एका गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळवले.

मित्रमैत्रिणींनो, गोन्साल्विस २०१२ मध्ये गेले. त्यांचे नाव निदान गाण्यात तरी उरले. त्यांच्यासोबत वाजवणाऱ्या बहुतेकांचे तेवढेही नाही. आपल्या स्नेहसंमेलनांच्या फोटोंखाली गाणाऱ्यांची नावे आहेत. पेटी, तबला, खंजिरी कोण वाजवत होते, ते आपल्यातच कुणाला तरी आठवत असेल. सर-बाई आपल्यात आहेत, तोवर त्यांना विचारून ती नावे लिहून ठेवूया.